घाटाचं कॅलेंडर

दसरा झाला की आमच्या ऑफिसात एक साथ येते. सोमवारपासून लोक खिडकीबाहेर बघायला लागतात, बुधवारी कुणीतरी मेल टाकतं, शुक्रवारी टायरमधली हवा तपासली जाते आणि शनिवारी पहाटे चार-पाच बाईक्स पुण्याबाहेर पडलेल्या असतात. कारण विचारलंत तर सगळे एकच सांगतील, "अरे पाऊस संपलाय, अजून हिरवं आहे, आत्ता नाही तर कधी?"

हे उत्तर निदान दोन हजार वर्षं जुनं आहे. आपल्या सह्याद्रीत रस्त्यांना कॅलेंडर असायचं. ज्येष्ठात घाट बंद व्हायचे, आश्विनात उघडायचे, आणि घाट उघडला की ज्याला-ज्याला कुठे जायचंय तो निघायचा. व्यापारी, भिक्षू, फौजा, सगळे. आपण फक्त त्यांच्यात बाईक घेऊन उशिरा सामील झालोय :-)

हे सगळं एकाच रस्त्यावर बघायचं असेल तर जुन्नरमार्गे नाणेघाटाला जावं. गेल्या आश्विनात मी एकटाच गेलो होतो. अट एकच, काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, तिथून डावीकडे वळलं की जुन्नर. साधारण पंचाण्णव किलोमीटर. चाकणपर्यंत जीव जातो (ट्रक, कंटेनर आणि आपण). पुढे मात्र रस्ता माणसात येतो. दसऱ्याला न खुडलेला झेंडू शेतात तसाच उभा असतो, नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे टोमॅटोचे क्रेट रचलेले असतात आणि हळू चालवलं तर हवेतला ओल्या मातीचा वास हेल्मेटच्या आतपर्यंत येतो.

माझे आजोबा ह्याच तालुक्यातले. ते म्हणायचे, पावसाळ्यात कुणाकडे पाहुणा म्हणून जाऊ नये, गेलास तर पाहुणा आणि यजमान दोघंही अडकतात. लहानपणी वाटायचं आजोबा चिक्कू आहेत. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, चिखल आणि फुगलेले ओढे आठवून बघा. बैलाच्या पाठीवर गोणी लादून तुम्ही घसरड्या दगडांवरून हजारेक फुटांची चढण चढताय. चार महिने ते जमणारच नाही. म्हणून चार महिने थांबायचं, हा नियमच झाला.

जुन्नर हे ह्या थांबण्यातून श्रीमंत झालेलं गाव आहे. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशा भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. बौद्ध भिक्षूंना आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचा नियम होता, वर्षावास. लेणी त्यासाठी कामी यायची. आणि ह्या लेण्यांना पैसा कोणी दिला? तिथले शिलालेख वाचले की कळतं. धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी करणारे कासार. इरिल नावाचा एक यवन आहे, त्याने पाण्याची दोन टाकी दिली. चित नावाचा दुसरा यवन, त्याने संघाला भोजनमंडप दिला. हे यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. जुन्नरसारख्या आडगावात ते काय करत होते?

त्याचं उत्तर समुद्रात आहे. 'पेरिप्लस' नावाचं एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेलं पुस्तक आहे, चक्क ट्रेड मॅन्युअल. त्यात लिहिलंय की इजिप्तहून भारताकडे यायचं तर जुलैच्या सुमारास निघावं. नैर्ऋत्य मोसमी वारे जहाजं ढकलत आणायचे आणि पाऊस ओसरता-ओसरता ती आपल्या किनाऱ्याला लागायची. म्हणजे बंदरात माल उतरायचा आणि इकडे घाट वाळायचा, दोन्ही एकाच सुमाराला. पेरिप्लसमध्ये सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, घाटावरची पैठण आणि तेर ही शहरं आहेत. कल्याणहून वर चढून जुन्नरमार्गे पैठणला जायचं तर मधला दरवाजा म्हणजे नाणेघाट. आमच्याकडे दोन सिस्टिम्स जोडताना त्यांची वेळापत्रकं जुळवण्यात महिने जातात. इथे ते काम एका वाऱ्याने केलं होतं.

ही लय किती पक्की होती ते दीड हजार वर्षांनंतरही दिसतं. १४७०च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. इथे चांगले घोडे पैदा होत नसत, त्यामुळे परदेशी घोड्याला मोठी किंमत. तो जुन्नरला पोचला आणि पावसात अडकला. त्याने लिहून ठेवलंय की इथे चार महिने दिवसरात्र पाऊस आणि चिखल. सुमारे दोन महिने तो जुन्नरात होता. त्यात तिथल्या असदखानाने त्याचा घोडाच जप्त केला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा गेला आणि दंड वेगळा. मुदत चार दिवस! शेवटी खोरासानच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानेच मध्यस्थी करून त्याला घोड्यासकट सोडवलं. मग निकितीनने बीदरची वाट धरली. (त्याच्यावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'परदेसी' हा भारत-सोव्हिएत सिनेमा आला होता, नर्गिस होती त्यात.) वाहन हीच सगळी पुंजी, ते जप्त झालेलं आणि बाहेर धो धो पाऊस. ह्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

पुढे मराठ्यांच्या फौजांचंही हेच. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. आपण आपट्याची पानं वाटतो आणि विसरतो की सीमोल्लंघन ह्या शब्दाचा सरळ अर्थ गावाची हद्द ओलांडणे एवढाच आहे. हद्द ओलांडायची कारण आता ओलांडता येते.

असो. जुन्नरहून नाणेघाट तीसेक किलोमीटर आहे आणि हा सगळ्यात सुंदर टप्पा. एका बाजूला माणिकडोह धरणाचं पाणी, पुढे चावंड किल्ला, मग घाटघर गाव आणि जीवधन. भाताची खाचरं पिवळी पडायला लागलेली, बांधावर नाचणी, उतारावर सोनकीची उरलीसुरली फुलं. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले ह्याच वाटेवर नजर ठेवून उभे आहेत. रस्ता संपतो तिथे डोंगराला एक खाच आहे. त्या खाचेतून आत शिरलं की एकदम कोकण दिसतं आणि पायाखाली दगडी पायऱ्यांची वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते.

थोडं उतरलं की डाव्या-उजव्या भिंती लेखांनी भरलेलं एक लेणं लागतं. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा ब्राह्मी लेख, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, वर नावं कोरून. आता मूर्तींची फक्त पावलं उरलीत. लेखात राणीने आणि तिच्या नवऱ्याने केलेले यज्ञ आणि दक्षिणा यांची यादी आहे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. इतका पैसा आला कुठून, ह्याचं उत्तर लेणं ज्या वाटेवर कोरलंय त्यातच आहे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकायचा असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. टोलनाक्यावर बाईकला टोल नसतो. सातवाहनांनी आपल्याला सोडलं असतं का, शंका आहे.

इंजिनियर माणूस मात्र इथे आकड्यांपाशी अडकतो. भारतात अंक लिहिल्याचे जे अगदी जुने पुरावे आहेत त्यात हा लेख येतो. भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८७६ साली ह्या अंकांवर निबंध लिहून ते उलगडले. गंमत म्हणजे ह्यात शून्य नाही आणि स्थानावरून किंमत ठरत नाही. २४,४०० लिहायचे तर तीन चिन्हं, वीस हजाराचं, चार हजाराचं आणि चारशेचं. चार हजाराचं चिन्ह म्हणजे हजाराच्या चिन्हाला चारचा अंक चिकटवलेला. शून्याशिवाय एवढा मोठा हिशोब दगडावर चोख उतरवलाय. आपल्याला मात्र एक्सेल बंद पडलं की घाम फुटतो.

मग हा घाट शांत कधी झाला? वाट एका दिवसात मरत नाही, पण तिला खरा धक्का बोरघाटाने दिला. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम ह्याच्या कारकिर्दीत खंडाळ्याचा गाडीरस्ता झाला. १८५६ साली तिथे रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे. ज्या रेल्वेने कॅलेंडर मोडलं ती बांधताना मात्र कॅलेंडर पाळावंच लागलं. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद, ऑक्टोबरात मजूर परत. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त माणसं त्या डोंगरावर होती आणि कॉलऱ्याने, अपघातांनी हजारोंनी मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच १८५९ साली वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरं करून घेतलं. तिचं नाव कागदावर राहिलं. मजुरांची नावं बोगद्यांच्या भिंतींवरसुद्धा नाहीत. इरिल आणि चित ह्यांना दोन हजार वर्षांपूर्वी मिळालं तेवढंही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

पण त्यानंतर आषाढातही घाट उघडाच राहिला. माल वळला, पैसा वळला, माणसं वळली. पुणं फुगलं, जुन्नर तालुक्याचं ठिकाण होऊन राहिलं. मी ज्या शहरात नोकरी करतो, ज्या तालुक्यातून माझे आजोबा पोट भरायला त्या शहरात आले, त्या दोन्हींचं नशीब एका घाटाने दुसऱ्या घाटावर मात केली म्हणून ठरलं. आपल्या कामाचा ओघही असाच कुठल्यातरी वाऱ्यावर आणि कुठल्यातरी रस्त्यावर चाललाय. तो वळणारच नाही असं जुन्नरच्या व्यापाऱ्यांनाही वाटत असेलच की.

आणि कॅलेंडर मोडल्यावर काय झालं तेही नाणेघाटात बघायला मिळतं. आता इथे सगळ्यात जास्त गर्दी असते ती जुलै-ऑगस्टमध्ये! दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, ते बघायला. ज्या महिन्यांत इथे शतकानुशतकं कुणी फिरकत नव्हतं, नेमक्या त्याच महिन्यांत गाड्यांच्या रांगा लागतात. आश्विनात, घाट खरा उघडतो तेव्हा, मी दीड तास होतो आणि मला एक गुराखी सोडून कुणी भेटलं नाही. आमचंही काही वेगळं नाही म्हणा. आमच्या कामाला पावसाळा नाही, सुगी नाही, बारा महिने रिलीज. थांबायचा महिनाच उरला नाही, त्यामुळे निघायचा आनंद शनिवार-रविवारात कोंबावा लागतो.

घाटाच्या वाटेवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या एकावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. टाकं त्याने दान दिलं, एवढाच मजकूर. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. हा कोण, कसला व्यापार करायचा, काही लिहिलेलं नाही. पण माणूस घाट चढून वर आला असणार आणि तहानलेला असणार, हे नक्की. त्याला हेही ठाऊक असणार की पावसात इथे कुणी येत नाही, तेव्हा टाकं भरतं, आणि पुढचे आठ महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरतं. बंद चार महिन्यांचं पाणी उघड्या आठ महिन्यांसाठी साठवायचं, असं साधं गणित त्याने दगडात कोरून ठेवलं.

तुम्ही गेलात तर आश्विनात जा, जमलं तर पन्नासच्या आत जा. टाकी तेव्हा काठोकाठ भरलेली असतात.