‘मराठी’चं ‘मर’ कसं होतं? : पायथनमधल्या काही चुकांचा इतिहास

‘पायथन शिकताना येणाऱ्या नेहमीच्या अडचणींवर एकदा बोला,’ अशी सूचना या मालेच्या श्रोत्यांकडून आली होती. आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे अडचण कशी सुटते यापेक्षा ती मुळात कुठून आली याकडे आमचं लक्ष आधी जातं. ते आज तुम्हाला सोसावं लागेल.

पायथनच्या ठरावीक खोड्या पुष्कळ आहेत. फंक्शनला मूलभूत किंमत म्हणून रिकामी लिस्ट दिली की ती पुढच्या हाकेपर्यंत भरलेलीच राहते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३च्या बरोबर आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. या खोड्या टोकियोतल्या माणसाला आणि सांगलीतल्या माणसाला सारख्याच छळतात, म्हणून त्या आज बाजूला ठेवू. आज बोलायचं ते अशा चुकांबद्दल, ज्या फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याला जवळजवळ कधी भेटतच नाहीत आणि मराठी लिहिणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात भेटतात.

गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथनचं काम १९८९च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत सुरू केलं. ते तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत होते. पहिली आवृत्ती बाहेर आली फेब्रुवारी १९९१मध्ये. युनिकोडचा पहिला खंड प्रसिद्ध झाला ऑक्टोबर १९९१मध्ये. म्हणजे पायथन युनिकोडपेक्षा काही महिन्यांनी थोरला. जगातल्या सगळ्या लिप्यांचा एक तक्ता असावा ही कल्पना तेव्हा कागदावर होती, हातात नव्हती. त्यामुळे त्या पायथनमध्ये ‘स्ट्रिंग’ म्हणजे नुसती बाइटांची माळ होती. एक बाइट म्हणजे एक अक्षर. इंग्रजीत हे खपून जातं.

आपल्याकडे याच काळात वेगळी खटपट चालू होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ तंत्र, आणि भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत. युनिकोडने देवनागरीचा तक्ता बेतला तो १९८८च्या इस्कीवरूनच. तेव्हा ‘हे सगळं परदेशातून लादलं’ असं कोणी म्हणालं तर ते पुरतं खरं नाही. क, त्याला हलन्ताची खूण, मग ष, असं मिळून क्ष, ही मांडणी आपल्या लोकांनी केलेली आहे.

ऑक्टोबर २०००मध्ये पायथन २.० आलं आणि त्यात युनिकोड स्ट्रिंगा आल्या. जुन्या बाइटांच्या माळा मात्र तशाच ठेवल्या. दोन्ही प्रकार एकत्र आले, एकमेकांना जोडले, तर काय करायचं? तेव्हा पायथन गुपचूप एक अंदाज करत असे : बाइट बहुधा ‘अ‍ॅस्की’चे, म्हणजे साध्या इंग्रजीचे असणार. आजच्या विषयाचं मूळ या अंदाजात आहे. इंग्रजी नावांची यादी दिली की अंदाज बरोबर ठरतो आणि प्रोग्रॅम वर्षभर बिनतक्रार चालतो. मग एक दिवस त्या यादीत ‘आनंद’ हे नाव देवनागरीत येतं आणि प्रोग्रॅम कोसळतो.

ती प्रसिद्ध युनिकोडडिकोडएरर ज्यांनी पाहिली आहे त्यांनी आठवावं. तिच्यात एका बाइटाची तक्रार असते : शून्य-एक्स-ई-शून्य, म्हणजे आपल्या आकड्यांत २२४. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी २२४. बंगालीचाही तोच, तमिळचाही, कन्नडचाही. भारतीय लिप्यांच्या उंबरठ्यावरच तो बाइट उभा आहे म्हणा ना! अंदाज चुकला कोणाचा आणि चूक दाखवली कोणाच्या नावावर, ते पाहा.

लोकांनी यावर उपाय काय केला? जिथे अडेल तिथे ‘एन्कोड’ किंवा ‘डिकोड’ चिकटवून पाहायचं, चाललं तर सोडून द्यायचं. आणखी एक जालीम औषध होतं. अंदाज बदलायचं ‘सेट-डिफॉल्ट-एन्कोडिंग’ हे फंक्शन पायथन सुरू होतानाच मुद्दाम काढून टाकत असे. लोक ‘सिस’ मॉड्यूल पुन्हा लोड करून ते परत मिळवत. त्याने चूक दिसेनाशी होई एवढंच. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत, भ्रम गेला नव्हता, भ्रमाची जाणीव गेली होती.

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आलं आणि त्याने अंदाज करणंच सोडलं. मजकूर वेगळा, बाइट वेगळे. दोन्ही जोडायला गेलात तर सरळ नकार, मग मजकूर इंग्रजी असो की मराठी. आता चूक सर्वांना सारखी, आणि पहिल्याच दिवशी. आमच्या मते हा निर्णय योग्य होता. अंमलबजावणी मात्र कच्ची होती. जुन्या कोडमध्ये युनिकोड मजकुराआधी लावलेलं ‘यू’ हे अक्षर ३.०मध्ये व्याकरणदोष ठरवलं. त्यामुळे एकच कोड दोन्हीकडे चालवणं विनाकारण अवघड झालं. ते ‘यू’ परत आलं २०१२मध्ये, ३.३ आवृत्तीत. जुन्या २.७चा आधार २०१५ला थांबायचा होता, तो २०१४मध्ये पाच वर्षांनी वाढवावा लागला आणि १ जानेवारी २०२०ला अखेर संपला. थोडक्यात, अकरा वर्षं संसार दोन घरांत.

पण अंदाज पुरता गेला असं समजू नका. फाइल उघडताना संकेत सांगितला नाही, तर पायथन ३ अजूनही यंत्राच्या रीतीप्रमाणे चालत आलं आहे. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर ती रीत बहुधा ‘१२५२’ नावाच्या पश्चिम युरोपीय तक्त्याची असते. त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. गंमत म्हणजे, यूटीएफ-८मध्ये हलन्ताचा तिसरा बाइट नेमका त्यातल्या एका घरावर पडतो. झ, ए, ऐ यांचे बाइटही अशाच रिकाम्या घरांवर पडतात. त्यामुळे फाइलमध्ये नुसतं ‘मराठी’ लिहिलं असेल तर ती तक्रार न करता उघडते आणि पडद्यावर कचरा दिसतो. ‘महाराष्ट्र’ असेल तर ‘चारमॅप’ची चूक येऊन प्रोग्रॅम थांबतो. जोडाक्षर आलं की चूक, नाही आलं की कचरा! यातलं दुसरं जास्त वाईट, कारण तो कचरा निमूटपणे पुढे साठवला जातो. उपाय एका ओळीचा आहे : फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं प्रत्येक वेळी स्वतः लिहायचं. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’. ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच मूळ रीत करायचं ठरलेलं आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ.

‘क्षत्रिय’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल तीन. पायथन ३ची लांबी मोजणारी ‘लेन’ सांगते आठ. पायथन २ची बाइटांची माळ चोवीस सांगत असे. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण मोजायची वस्तू तीन वेळा बदलली आहे. आठ ही युनिकोडच्या चिन्हांची संख्या : क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य.

मोजणीपुरतं हे चालेल, पण युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्गही देतं. ‘ई’ हा स्वर सुटा लिहिला तर त्याचा वर्ग ‘अक्षर’. तोच स्वर वेलांटी होऊन ‘ठ’ला लागला तर त्याचा वर्ग ‘खूण’. वैशेषिकांच्या शब्दांत, एकच वस्तू एका जागी द्रव्य आणि दुसऱ्या जागी गुण. या वर्गीकरणात तसं वावगं काही नाही. पंचाईत पुढे होते. पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्दातलं चिन्ह ओळखण्यासाठी ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ आहे. ते अक्षरं आणि अंक घेतं, खुणा घेत नाही. म्हणजे प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त त्याच्या लेखी शब्दाबाहेर. ‘हिंदी’तून ते ‘ह’ आणि ‘द’ काढून देतं.

सायकिट-लर्न या लोकप्रिय लायब्ररीतलं ‘काउंट-व्हेक्टरायझर’ शब्द मोजायला हाच नमुना वापरतं, वर किमान दोन चिन्हांची अट घालतं. त्याला ‘मराठी’ हा शब्द द्या. ‘मर’ मिळतं, कान्यापाशी शब्द तुटतो, आणि उरलेला ‘ठ’ एकटा म्हणून गळून जातो. म्हणून ‘मराठी’चं ‘मर’. कुठलीही चूक दाखवली जात नाही. कोणी हजार संपादकीयांवर शब्दगणना केली तर सुबक तक्ता मिळेल आणि त्यात मराठी शब्दांऐवजी त्यांची हाडं असतील.

‘इझ-अल्फा’ या तपासणीचंही असंच. ‘कमल’ ही केवळ अक्षरं आहेत हे ती मान्य करते, ‘सीता’ नाही म्हणते. नाव फक्त अक्षरांचं असावं अशी अट एखाद्या अर्जावर या मार्गाने घातली, तर कमलताईंचा अर्ज जाईल आणि सीताबाईंचा परत येईल. आणि हाच पायथन ३ ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून आनंदाने स्वीकारतो, कारण तिथे नियम दुसरा लावला आहे.

देवनागरी शब्दांचे तुकडे होतात ही तक्रार पायथनकडे २००७मध्येच नोंदवली गेली होती. मजकुरातला शब्द ओळखताना खुणाही धराव्यात, असं युनिकोडचं स्वतःचं मार्गदर्शन आहे. तरी ‘आरई’ जुन्या रीतीवर राहिलं. तेव्हा करायचं काय? ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल बसवून घ्यावं. त्यात तोच ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ खुणांसह चालतो. सायकिट-लर्नमध्ये ‘टोकन-पॅटर्न’ आपण द्यावा, आणि काम सुरू करण्याआधी वीस शब्द छापून डोळ्यांनी पाहावेत.

एक खास मराठी गाठ उरते. ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा र. तो टंकलेला असतो तीन तऱ्हांनी : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, ‘र’, नुक्ता आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे. पायथनला विचारलं तर तिन्ही वेगळे, आणि शोध रिकामा परत येतो. ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइज’, एनएफसी प्रकाराने चालवलं, की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही; तो युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहावा म्हणून ठेवला आहे. त्याच्यासाठी बदलाची ओळ आपणच लिहायची, मजकूर आत घेतानाच.

आणि ‘क्षत्रिय’चं काय? वाचकाला एक वाटणारी चिन्हं एकत्र धरण्याचा युनिकोडचा नियम आहे; ‘रेजेक्स’मध्ये तो ‘बॅकस्लॅश-एक्स’ने मिळतो. पण त्या नियमात हलन्तापाशी तुकडा पडत असे, म्हणून उत्तर यायचं पाच. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये आला १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३मध्ये. तुमच्या यंत्रावरची लायब्ररी त्याआधीची असेल तर आजही पाचच येतील. आवृत्ती तपासून घ्या.