ट्रॉलपचें घड्याळ

ग्रंथकाराची कीर्ति त्याच्या शत्रूंनीं बुडविल्याचीं उदाहरणें वाङ्मयाच्या इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु ग्रंथकारानें स्वतःच्याच हातानें, आणि तेंही मृत्यूनंतर, आपल्या कीर्तीस धक्का लाविल्याचें उदाहरण विरळा. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हा 1882 च्या डिसेंबरांत वारला. त्यानें लिहून मुलाच्या हवालीं केलेलें आत्मचरित्र पुढल्याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि तें वाचून अनेक रसिकांनीं नाक मुरडलें. त्यांत दुराचाराच्या गोष्टी नव्हत्या. होता तो केवळ हिशेब. पहाटे साडेपांच वाजतां टेबलापाशीं बसावयाचें. वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दारास त्याबद्दल सालीना 5 पौंड जादा द्यावयाचे. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास 250 शब्द लिहावयाचे. आणि रोज किती पानें झालीं याची नोंद ठेवावयाची! शेवटीं कोणत्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले याचा तक्ता दिला असून त्याची बेरीज 68939 पौंड, 17 शिलिंग, 5 पेन्स अशी आहे. जोडे करणाऱ्या कारागिराप्रमाणेंच कादंबरीकारानेंही स्फूर्तीची वाट न पाहतां कामास लागावें, असें त्याचें म्हणणें.

त्याच्या कीर्तीस ओहोटी आधींच लागली होती, हें खरें. परंतु या हिशेबानें टीकाकारांच्या हातीं आयतें कोलीत दिलें. जें घड्याळ लावून लिहिलें तें वाङ्मय कसलें, असा प्रश्न निघाला. हा प्रश्न केवळ एका परदेशी ग्रंथकारापुरता आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यांचा सारा दिवस कचेरीच्या घड्याळानें बांधलेला आहे अशा माणसांच्या हातून कलेची सेवा व्हावयाचीच नाहीं काय, हें त्यावरून ठरावयाचें आहे. म्हणून या माणसाचें चरित्र आणि त्याचीं पुस्तकें हीं दोन्ही जरा जवळून पाहूं.

ट्रॉलपचा जन्म 1815 चा. बाप वकील, परंतु चिडखोर आणि अपयशी. हॅरोच्या शाळेंत मळक्या कपड्यांच्या या मुलाची श्रीमंतांच्या मुलांनीं फार अवहेलना केली. 1834 सालीं कर्जापायीं बापास देश सोडून बेल्जममधील ब्रूझ शहरीं जावें लागलें. आई फ्रान्सिस हिचें पहिलें पुस्तक ती पन्नाशी ओलांडल्यावर निघालें होतें. ब्रूझच्या त्या घरांत क्षयानें खंगणाऱ्या मुलाची शुश्रूषा करावी आणि उरल्या वेळांत कादंबरी लिहावी, असा तिचा क्रम होता. त्या लेखनावर कुटुंबाचें पोट चालत होतें. स्फूर्ति येईपर्यंत थांबण्याची सोय या घरांत नव्हती. मुलानें आईपासून काय घेतलें हें निराळें सांगावयास नको.

त्याच वर्षीं ट्रॉलप लंडनच्या टपाल कचेरींत सालीना 90 पौंडांवर कारकून झाला. पहिलीं सात वर्षें कर्जांत आणि वरिष्ठांच्या बोलण्यांत गेलीं. 1841 सालीं आयर्लंडांत बदली झाली आणि माणूस पालटला. खेडोपाडीं घोड्यावरून हिंडावें, तक्रारी ऐकाव्या, टपालाचे मार्ग आंखावे, हें काम त्यास मानवलें. रस्त्यांत उभ्या असलेल्या टपालपेट्या इंग्लंडशेजारच्या चॅनेल बेटांत 1852 सालीं प्रथम बसविल्या गेल्या, त्या त्याच्याच सूचनेवरून. त्याच सुमारास ग्रामीण टपालाच्या कामानिमित्त हिंडत असतां सॉल्सबरीच्या कॅथीड्रलच्या आसपास फिरतांना त्यास एक कथानक सुचलें. तेंच पुढें ‘द वॉर्डन’ झालें. पुढली ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही बहुतेक आगगाडीच्या डब्यांत पेन्सिलीनें लिहिली आणि पत्नीनें तिची स्वच्छ प्रत केली. 1858 सालीं सरकारनें त्यास इजिप्तला धाडलें. विलायतेचें टपाल अलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत आगगाडीनें नेण्याचा करार करावयाचा होता. आपल्याकडे मुंबईस उतरणारीं विलायतेचीं पत्रें याच वाटेनें येत. त्या दौऱ्यांतच त्यानें ‘डॉक्टर थॉर्न’ पुरी केली आणि दुसऱ्या दिवशीं नव्या कादंबरीस हात घातला. नोकरीनें त्याचें लेखन मारलें असें म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, त्याचा बार्सेट परगणा नोकरीच्या वाटेवरच त्यास भेटला.

आतां त्या घड्याळांतून काय निघालें तें पाहूं. ‘द वॉर्डन’ 1855 सालीं निघाली. बार्चेस्टर या कल्पित गांवीं बारा निराधार म्हाताऱ्यांसाठीं एक जुना धर्मादाय आश्रम आहे. त्याचे व्यवस्थापक सेप्टिमस हार्डिंग हे वृद्ध पाद्री. काळाच्या ओघांत आश्रमाच्या जमिनीचें उत्पन्न वाढलें, आणि व्यवस्थापकास सालीना 800 पौंड मिळूं लागले. म्हाताऱ्यांच्या हातीं मात्र दिवसाचे कांहीं पेन्स. जॉन बोल्ड नांवाचा तरुण सुधारक हा अन्याय चव्हाट्यावर आणतो. तो हार्डिंगांच्या मुलीवर प्रेम करणाराच असतो. वर्तमानपत्र हार्डिंगांना लोभी ठरवितें. जांवई आर्चडीकन ग्रँटली ‘एक पाऊल मागें घेऊं नका’ म्हणून गर्जतो. लंडनचा मोठा कायदेपंडित दावा टिकणार नाहीं असें सांगतो. म्हणजे हार्डिंग जिंकले. परंतु, हे पैसे खरोखर माझे आहेत काय, हा प्रश्न एकदां मनांत शिरल्यावर त्यांना झोंप लागत नाहीं. ते भित्रे आहेत. जांवयासमोर बोलतांना त्यांचे हात नकळत हवेंत चेलो वाजविल्यासारखे हलूं लागतात. असा हा माणूस कोणासही न जुमानतां राजीनामा देतो. आणि फळ काय? जागा रिकामीच राहते, आश्रम मोडकळीस येतो, आणि हार्डिंग स्वतःच्या खिशांतून रोज जे दोन पेन्स जादा देत तेही म्हाताऱ्यांना अंतरतात. सुधारक खोटा नव्हता, हार्डिंगही खोटे नव्हते. अशा प्रसंगीं सज्जनानें काय करावें, याचें उत्तर ट्रॉलप देत नाहीं. तो आपल्याला त्या माणसाशेजारीं बसवितो.

या वाचनाचा आनंद उत्कंठेचा नव्हे. ‘बार्चेस्टर टॉवर्स’च्या पंधराव्या प्रकरणांत तर ग्रंथकार मध्येंच थांबून, नायिका त्या दोघां नकोशा उमेदवारांपैकीं कोणाशींही लग्न करणार नाहीं, असें सांगून टाकतो. रहस्य गेलें म्हणून रस गेला नाहीं. उलट काय होणार याची चिंता मिटल्यामुळें माणसें कशीं वागतात हें आपण निवांत पाहूं लागतों. बिशपची पत्नी मिसेस प्राउडी ही सारा धर्मप्रांत आपल्या धाकांत ठेवते. एका क्लबांत दोन पाद्री हिला कंटाळल्याचें बोलत असतां ट्रॉलपनें तें ऐकलें आणि घरीं जाऊन तिला मारून टाकण्याचें त्यांना वचन दिलें. ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ या 1867 च्या कादंबरींत तें पाळलेंही. परंतु त्याचें दुःख त्यास पुढें कायम राहिलें. यंत्राला आपल्या मालाविषयीं असा शोक होत नसतो. त्याच कादंबरींत दरिद्री, विद्वान आणि मानी पाद्री क्रॉली याच्यावर 20 पौंडांचा चेक चोरल्याचा आरोप येतो, आणि तो चेक आपल्याजवळ कसा आला हें त्याचें त्यालाच आठवत नाहीं. गरिबीनें माणसाचा स्वतःच्या स्मृतीवरचाही विश्वास कसा उडतो, याचें इतकें खरें चित्र आमच्या वाचनांत क्वचितच आलें आहे.

दोषही आहेत. तीन खंड भरून काढण्यासाठीं लांबविलेलीं उपकथानकें, पुनःपुन्हां येणारी कोल्ह्याची शिकार, आणि त्या काळच्या इंग्रजाचे वंशविषयक पूर्वग्रह हे आजच्या वाचकास टोंचतात. 47 कादंबऱ्यांत सर्वच सारख्या असणें शक्य नव्हतें.

तरी वाचक परतले. 1927 सालीं मायकेल सॅडलियर यानें त्याच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला; आणि दुसऱ्या महायुद्धांत, शहरांवर बाँब पडत असतां, इंग्रज वाचकांनीं बार्चेस्टरचा आश्रय घेतला. 1945 सालीं एलिझाबेथ बोवेन हिनें नभोवाणीसाठीं लिहिलेल्या नाटिकेंत एक तरुण सैनिक आगगाडींत ट्रॉलप वाचीत बसलेला आहे. 1993 सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्याच्या नांवाची शिला बसली. ज्यांचें जग उद्यां राहील कीं नाहीं याची खात्री नव्हती, त्यांना एका भित्र्या म्हाताऱ्याची सदसद्विवेकबुद्धि महत्त्वाची वाटली, ही गोष्ट लहान नव्हे.

ज्यांना ट्रॉलपशीं परिचय करून घ्यावयाचा असेल त्यांनीं आटोपशीर अशा ‘द वॉर्डन’पासून आरंभ करावा. रोज एक-दोन प्रकरणें, घाई न करितां, आणि घरांत ऐकणारें कोणी असल्यास मोठ्यानें वाचावीं. ग्रंथकारानें रोजचा नेमून दिलेला वेळ देऊन जें लिहिलें, तें वाचकानेंही तसेंच रोज थोडा वेळ देऊन वाचावें, हें उचित होय. लेखक किती वाजतां उठला हें पुस्तकाच्या पानांत दिसत नाहीं. हार्डिंगांचे हवेंत हलणारे हात मात्र दिसत राहतात.