खोक्याच्या फळ्यांतले पुस्तक

ध्रुवप्रदेशांच्या सफरवृत्तांतांच्या प्रथमावृत्त्या जमविणारे लोक पुस्तकावरील डागाबाबत मोठे कठोर असतात; परंतु अर्नेस्ट शॅकल्टनने संपादिलेल्या आणि १९०८ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावरील केप रॉइड्स येथे छापलेल्या ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’पुढे त्यांचा हा शिरस्ता मोडतो. त्या खंडावरच लिहिलेले, छापलेले आणि बांधलेले ते पहिले पुस्तक होय.

शॅकल्टनच्या ‘निमरॉड’ मोहिमेचे १५ जण ३३ फूट लांब व १९ फूट रुंद अशा झोपडीत राहत होते. महिनोन्महिने सूर्य उगवायचा नाही, त्या अंधारात रिकामपणाने मने खचू नयेत म्हणून शॅकल्टनने निघण्यापूर्वीच छापखान्याची तजवीज करून ठेविली होती. लंडनच्या कॉस्टन कंपनीने यंत्र उसने दिले आणि जॉइस व वाइल्ड या दोघा दर्यावर्द्यांना थोडक्या दिवसांत खिळे जुळविण्याची विद्या शिकविली. त्यांच्या निजण्याच्या चिंचोळ्या खोपटातच यंत्र मांडलेले. थंडीने शाई आळून घट्ट होई, तेव्हा तिच्या तबकडीखाली पेटती मेणबत्ती ठेवावी, शाई पातळ झाली की पान उमटवावे, असे ते काम चाले. चित्रे मोहिमेतल्याच मार्स्टनची, मजकुरात एरेबस पर्वतावरील चढाईचा वृत्तांत आहे, तशीच त्यांच्यातल्याच मॉसनची एक कल्पित कथाही.

पण या पुस्तकाचे खरे वैभव मला त्याच्या बांधणीत दिसते. पुठ्ठा नव्हता, म्हणून मोहिमेतल्या बर्नार्ड डे याने शिध्याची खोकी मोडून, थरांवर थर चिकटवून केलेल्या त्यांच्या फळ्या तासून गुळगुळीत केल्या आणि पाठीला चामडे लाविले. आपल्याकडेही पोथ्या दोन फळ्यांत बांधून ठेवीत, परंतु त्या फळ्या पोथीसाठीच घडविलेल्या असत. येथे मात्र आतल्या अंगाला खोक्यावरची छापील अक्षरे तशीच राहिली. प्रती शंभराहून अधिक नव्हत्या, त्यांवर अनुक्रमांकही घातलेले नव्हते, तेव्हा संग्राहक त्यांना या अक्षरांवरूनच ओळखतात: ही ‘बटर’ प्रत, ती ‘आयरिश स्ट्यू’ प्रत.

१९०९ साली शॅकल्टनच्या या मोहिमेच्या वृत्तांताची, ‘द हार्ट ऑफ दि अंटार्क्टिक’ची, ३०० प्रतींची शाही आवृत्ती निघाली, तिच्यासोबतच्या खंडात किनाऱ्यावर राहिलेल्या मंडळींच्या सह्या आहेत, आणि तिचा मान मी मुळीच उणा लेखीत नाही; तरी निवड करण्याचा प्रसंग आलाच, तर माझा हात त्या तासलेल्या फळीकडेच जाईल, कारण त्या खोक्यातले लोणी खाऊनच ते हात खिळे जुळवायला बसले होते.