कारखाना एका सहीने हलतो, सोसायटीला सर्वांच्या सह्या लागतात

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपलं ठाणं, काल आणि आज' या विषयावर लिहावं, असं समितीने सुचवलं. मासुंदा तलाव, कौपिनेश्वर आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आलेली पहिली आगगाडी यांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. म्हणून आज जरा वेगळा इतिहास सांगतो. ठाण्यात जुनं पाडून नवं कसं उभं राहिलं आणि त्यात आपल्यासारख्या सोसायट्यांची गाडी कुठे अडते, याचा.

ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. पण शहराला पैसा आणि माणसं मिळाली ती कारखान्यांमुळे. १९२५ साली इथे रेमंडची लोकरी गिरणी सुरू झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ठरली आपली वागळे इस्टेट. भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस होते ते. घाटावरून, कोकणातून माणसं आली. त्यांना मशीनवर काम मिळालं, राहायला घर मात्र मिळालं नाही. वसाहत आखताना कारखान्यांना रस्ते, पाणी, वीज असं सगळं दिलं. कामगार राहणार कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता. तो त्यांनी किसननगरसारख्या वस्त्यांत सोडवला. आधी बैठी घरं, मग त्यांवर मजले आणि शेवटी भिंतीला भिंत लागलेल्या इमारती.

१ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका झाली. तोवर कारखान्यांचा बहर ओसरू लागला होता. जागेची किंमत मालापेक्षा जास्त झाली की कारखानदार काय करणार, हे वेगळं सांगायला नको. नव्वदीच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत रस्ते रुंद झाले. दुकानांचे पुढचे भाग गेले, ओरड झाली, पण शहर मोकळं झालं. पुढे कोरसच्या कारखान्याच्या जागी २००९ साली कोरम मॉल आला. वागळे इस्टेटमध्ये शेडच्या जागी काचेचे आयटी पार्क आले. रेमंडची गिरणी थांबली आणि २०१९ पासून तिच्या जमिनीवर टॉवर उभे राहू लागले. ज्या फाटकातून पाळीचे कामगार आत जायचे, त्या भागात आता सॅम्पल फ्लॅट बघायला गाड्या येतात.

हे सगळं पंधरा-वीस वर्षांत झालं. मग किसननगर, लोकमान्यनगर तिथेच का राहिले? कारण सोपं आहे. कारखान्याला मालक एक असतो. त्याने सही केली की व्यवहार पुढे सरकतो. वस्तीत मात्र घर एकाचं, जमीन दुसऱ्याची आणि बांधकाम तिसऱ्याने केलेलं. कागद बघायला जावं तर अनेकदा कागदच नसतो.

याची किंमत शहराने माणसांच्या जिवाने मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यानंतर समूह विकासाची, म्हणजे आपण ज्याला क्लस्टर म्हणतो त्याची, मागणी जोरात झाली. एकेक इमारत न पाडता अख्खा परिसर नव्याने आखायचा. घरांबरोबर रस्ता, शाळा, मैदानही द्यायचं, अशी ती कल्पना. २०१७ साली शासनाची अधिसूचना निघाली. किसननगरच्या क्लस्टरचं भूमिपूजन व्हायला २०२३ उजाडलं. म्हणजे दुर्घटनेपासून भूमिपूजनापर्यंत दहा वर्षं गेली! कल्पना चांगलीच आहे, पण हजारो कुटुंबांची पात्रता तपासायची आणि सगळ्यांना एका कागदावर आणायचं हे काम फार अवघड.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, आपली इमारत अधिकृत आहे, नकाशा मंजूर आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे. खरं आहे. पण मालमत्ता पत्रक काढून बघा, जागा अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनुसार, करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायला हवं होतं. आपल्याला पंचवीस वर्षं झाली. बिल्डरने 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं आणि आपणही गणपती, कोजागिरी, पार्किंगचे वाद यांत रमलो.

गेल्या दोन वर्षांत पुनर्विकासाचे प्रस्ताव घेऊन माणसं येऊ लागली आहेत. जिन्यात चर्चा एकच: किती टक्के जादा जागा, भाडं किती, कॉर्पस किती. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारतात, "मी परत यायला असेन का रे?" तरुण मंडळी म्हणतात, लिफ्ट सारखी बंद पडते, आता नवीनच हवं. दोघांचंही बरोबर आहे. पण जमीन नावावर नसताना वाटाघाटीला बसणं म्हणजे दुसऱ्याच्या पाटावर बसून जेवणावळ घालणं. त्यात तिसराच माणूस हिस्सा मागायला उभा राहतो.

मार्ग आहे. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पुनर्विकास पारदर्शक व्हावा म्हणून कलम ७९-अ खाली शासनाने २००९ मध्ये आणि सुधारून ४ जुलै २०१९ ला निर्देश दिले आहेत. निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावा, एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती असावी, आधी वास्तुविशारदाचा व्यवहार्यता अहवाल घ्यावा, निविदा सर्वांसमोर उघडाव्यात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. ते झालं की 'पाडायची का दुरुस्त करायची' हा वाद निदान अहवाल समोर ठेवून घालता येईल.

तेव्हा सभासदांना एवढीच विनंती. कारंज्यापाशी फोटो काढून झाले की प्रत्येकाने घरी जाऊन नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन आणि भाग दाखला शोधून त्यांच्या प्रती महिन्याभरात सचिवांकडे द्याव्यात. ज्यांनी फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला त्यांनी आधीच्या मालकांचे करारही द्यावेत. पुनर्विकास पाच वर्षांनी करू किंवा पंधरा, ते सभा ठरवेल. पण ठरवण्याचा अधिकार आपल्या हातात असावा, एवढी तजवीज या रौप्यमहोत्सवी वर्षात नक्की होऊ शकते.