मुंबईच्या गिरण्या आणि वऱ्हाडचा विणकर

आपल्या कोष्टी ज्ञातीच्या इतिहासात मुंबईच्या गिरण्यांचा उल्लेख येतो तो बहुधा वैरी म्हणून. गिरणीने आमचा माग मोडला, एवढे सांगून आपण थांबतो. आमच्या मते ही हकीकत इतकी सरळ नाही.

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढल्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणी स्थापिली व १८५६ त ती चालू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस अडला, तेव्हा लँकेशायरची दृष्टी आपल्या काळ्या भूमीकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला व त्यातील पुष्कळसा सट्ट्यात बुडाला. १८६७ त लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. त्याच दशकात कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी उघड लिहिले की, रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागे पडेल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीस मोकळे होतील. आपल्या पूर्वजांचे दारिद्र्य केवळ दैवाचे देणे नव्हते, हे तरुणांनी ध्यानी घ्यावे.

कारंज्याहून मूर्तिजापुरास जाणारी लहान आगगाडी पुढे झाली, तीही मुख्यतः कापसासाठीच. गाठी मुंबईस जात आणि कापड होऊन आपल्याच बाजारात परत येत.

पण मुंबईचेही दिवस पालटले. चीनमधील सुताची बाजारपेठ जपानने घेतली. स्वातंत्र्यानंतर अनेक मालकांनी जुन्या यंत्रांत पुरेसे भांडवल घातले नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांनी कापड स्वस्त केले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपानेच गिरण्या बुडविल्या असे म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ते पटत नाही. रोग जुना होता. पुढे तर कापडापेक्षा गिरणीखालची जमीनच मोलाची ठरली, आणि १९९१ च्या विकास नियमावलीने तिच्या विक्रीची वाट खुली केली.

इकडे १९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने कापसाची बरीच जागा घेतली आहे. गिरणीच्या कामगारांविषयी पुस्तके झाली. वऱ्हाडातील मागावर बसणाऱ्यांविषयी फारच थोडे लिहिले गेले. तरी ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुने धोटे, फण्या, सुताच्या हिशेबाच्या वह्या किंवा मुंबईस गिरणीत गेलेल्या वडीलधाऱ्यांची पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता मंडळाकडे नोंदवावीत.