रोजचा बँड, आठवड्याचा जॅझ

1935 सालच्या हिवाळ्यात अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. सगळे वादक कृष्णवर्णीय. मुंबईला नाचाचे बँड नवे नव्हते. केन मॅकसारख्या बँडमास्तरांच्या तालावर इथले साहेब, पारशी शेठ आणि संस्थानिक फॉक्सट्रॉट नाचतच होते. पण ज्यांनी जॅझला जन्म दिला त्यांच्याच हातून तो ऐकण्याची संधी या शहराला पहिल्यांदा मिळाली.

ॲबीनंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्डने शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ऑर्केस्ट्रात वाजवलेले होते आणि पुढे शांघाय गाजवले होते. मायदेशात ज्या हॉटेलांच्या पुढच्या दारातूनही त्यांना आत घेतले नसते, तशा हॉटेलात मुंबईत त्यांच्या नावावर गर्दी जमत होती. 1936 मध्ये स्मिथच्या बँडने मुंबईतच रेकॉर्डही काढल्या. वेदरफर्ड नंतर कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि 1945 साली त्याच शहरात कॉलऱ्याने वारला.

हे वादक एखाददुसऱ्या कार्यक्रमासाठी आलेले नव्हते. त्यांचा करार हंगामाचा असे आणि रोज रात्री तोच बँड त्याच मंचावर उभा राही. आज लाउंजच्या दारावर ‘गुरुवारी जॅझ’ अशी पाटी दिसते आणि आपण खूश होतो. खूश व्हावे असेच ते आहे. मात्र मुंबईत जॅझ रुजला तो रोजच्या बँडमुळे, आणि तो रोजचा बँड चालवणारी माणसे बहुतेक गोव्याची होती.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना संगीत शिकवत. प्रार्थनेला गाण्यासाठी स्वरलेखन वाचता आले पाहिजे, व्हायोलिन धरता आले पाहिजे, अशी ती शिस्त होती. लहान वयातच डोळ्यांनी संगीत वाचणारी ही मुले मोठी झाली की पोटापाण्यासाठी आगबोटीने किंवा रेल्वेने मुंबई गाठत आणि धोबी तलावाच्या परिसरातल्या कूडांत उतरत. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या या सामायिक खोल्या. तिथे एका कोपऱ्यात ट्रंक ठेवायला जागा मिळे, संध्याकाळी सगळे मिळून रोझरीची प्रार्थना म्हणत. खलाशी, आचारी, कारकून आणि सॅक्सोफोनवाले एकाच छताखाली राहत. जेर महाल इमारतीत असे अनेक कूड होते. ट्रम्पेटचे तार सप्तकातले सूर आधी या भिंतींना ऐकू गेले, ताजच्या पाहुण्यांना नंतर.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तसे परदेशी वादक पांगले. त्याच सुमारास शहरात गोऱ्या सैनिकांची वर्दळ वाढली आणि नाचाच्या संगीताची मागणीही. परदेशी वादकांच्या मोकळ्या झालेल्या जागा इथल्याच वादकांनी भरल्या. मिकी कोरियाचा बँड 1939 पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत राहिला. रूडी कॉटन या नावाने गाजलेला सॅक्सोफोनवादक खरे तर कावस खटाव, मुंबईचा पारशी. आणि गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला. आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर ट्रम्पेट फुंकायचे, तसेच गायचे, तसाच रुमाल हाती धरायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग दारूबंदी आली. 1949 च्या कायद्यानंतर मुंबई प्रांतात 1950 पासून पूर्ण दारूबंदी लागू झाली आणि हॉटेलांच्या बॉलरूमचे गणितच बिघडले. बारचा गल्ला आटल्यावर मोठा बँड पोसायचा कोणी? वादकांनी दिवसाचे काम शोधले, आणि ते दादर-ताडदेवला चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत तयारच होते.

मराठी वाचकाला हा अध्याय घरचा वाटेल. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र. नव्या तालांची ओढ असलेला हा संगीतकार चिक चॉकलेटला सहायक म्हणून घेऊन काम करू लागला. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिकचा बँड झालरीचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतो, आणि त्यापुढे नाचतात ते गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवानदादा पालव. अमेरिकेतले स्विंग, गोव्याचा ट्रम्पेट, नगर जिल्ह्याचा संगीतकार, गिरणगावातला नट. मुंबईच्या जॅझचे याहून बोलके चित्र सापडणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे पिढ्यानपिढ्या लोक भगवानदादांसारखे नाचले, तेव्हा नकळत ते चिकच्या सुरावटीवरही नाचत होते.

हिंदी चित्रपटाचे संगीतकार सुरावट रचत, ती पेटीवर ऐकवत. तिचे स्वरलेखन करायचे, चाळीस-पन्नास वाद्यांत ती वाटून द्यायची, मधले तुकडे बांधायचे, हे काम अरेंजरचे. या कामात गोव्याची माणसे होती. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यातले एक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दुसरे. त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात आपल्या गुरूचे नाव अजरामर केले. श्रेयनामावलीत मात्र यातल्या बहुतेकांची नावे आली नाहीत, आणि ही उणीव कोणत्याही सुवर्णकाळाच्या कौतुकात झाकून जाऊ नये.

रात्रीचा बँडही अगदी मेला नाही. पन्नास-साठच्या दशकांत चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर आणि आसपास, रेस्टॉरंटांत बँड वाजत होते. इथेच मडगावचे वादक-संगीतकार ख्रिस पेरी आणि तरुण गायिका लॉर्ना यांची जोडी गाजली. जॅझचा लहेजा कोंकणी गाण्यात उतरवून त्यांनी ज्या रेकॉर्ड काढल्या, त्या आजही गोव्यातल्या लग्नात वाजतात. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन भारतात येऊन गेले. अमेरिकन परराष्ट्र खात्याने शीतयुद्धात काढलेल्या या दौऱ्यांमुळे इथल्या वादकांना थोरांचे वादन समोर बसून ऐकायला मिळाले.

सत्तरच्या दशकात डिस्को आला आणि रेकॉर्ड वाजवणे बँड ठेवण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. 1978 मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच यात्रेला अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आला. दार्जिलिंगहून कलकत्तामार्गे मुंबईत आलेले पियानोवादक लुई बँक्स याच वातावरणात वाढले. पण यात्रा ही दोन वर्षांनी येई. वादकाला भूक रोज लागते. पुढे स्टुडिओत सिंथेसायझर शिरला आणि पन्नास माणसांचे काम एका टेबलावर मावले. दिवसाचा रोजगारही गेला.

आठवड्याची जॅझ रात्र ही या पडझडीनंतरची गोष्ट आहे. मरीन ड्राइव्हवरच्या ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’मध्ये काही रात्री बँड, काही रात्री कराओके असा बेत असे. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 साली ‘ब्लू फ्रॉग’ उघडले आणि 2016 ला मिटले. त्याच्या संस्थापकांपैकी आशुतोष फाटक यांनी 2013 मध्ये ‘ट्रू स्कूल ऑफ म्युझिक’ काढले. हे मला क्लबइतकेच महत्त्वाचे वाटते. एका गुरुवारच्या मानधनावर ड्रमवाल्याचे घर चालत नाही. तो शिकवतो, जाहिरातीत वाजवतो, लग्नातही वाजवतो. या शाळेत पुन्हा स्वरलेखन वाचायला, हार्मनी बांधायला, समोरच्याचे ऐकत ऐकत सोलो घ्यायला शिकवले जाते, आणि तिथून बाहेर पडलेली मुले शहराच्या लाउंजमध्ये, ज्या वारी मंच मोकळा असेल त्या वारी, वाजवायला उभी राहतात.