कोकोश्निक : एका शिरोभूषणाचे अर्थांतर

रशियन शिरोवस्त्राच्या घाटावर घडविलेल्या जुन्या हिरेजडित शिरोभूषणांना पाश्चात्त्य जवाहिऱ्यांच्या परिभाषेत ‘कोकोश्निक’ म्हणतात. हे नाव रूढ असले, तरी त्या वस्तूस ते कितपत अन्वर्थक आहे, याचा विचार झाला पाहिजे.

जुन्या रशियन भाषेत ‘कोकोश’ म्हणजे कोंबडी. आपल्या ‘कुक्कुट’ शब्दाप्रमाणे हाही ध्वन्यनुकारी होय. शिरोवस्त्राच्या तुऱ्यासारख्या उभ्या अग्रभागावरून हे नाव पडले. मोत्यांनी व जरीने मढविलेले हे वस्त्र विवाहित स्त्रीचे. त्याखाली तिचे केस पूर्णपणे झाकले जात. कुमारिका केवळ कपाळपट्टी बांधीत. त्यांची वेणी उघडी राही. सारांश, मस्तकावरूनच स्त्रीची सामाजिक अवस्था ओळखता येई.

अठराव्या शतकाच्या आरंभी पहिल्या पीटरने सरदारवर्गावर पाश्चात्त्य पोशाख लादला. तेव्हा कोकोश्निक मुख्यतः शेतकरी व व्यापारी कुटुंबांत उरले. पुढे १८३४ साली पहिल्या निकोलसने दरबारी स्त्रियांचा पोशाख नियमबद्ध करून त्यास राष्ट्रीय वळण दिले. या नियमांतही विवाहितेस कोकोश्निक आणि कुमारिकेस पट्टी, हा भेद कायम होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हा भेद लोपला तो जवाहिऱ्यांच्या हाती. १८८८ साली वेल्सची राजकन्या अलेक्झांड्रा हिच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त इंग्लंडमधील प्रतिष्ठित स्त्रियांनी तिला लंडनच्या गॅरार्ड पेढीने घडविलेले कोकोश्निक भेट दिले. त्याचा नमुना तिची बहीण, रशियाची सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना, हिच्या शिरोभूषणाचा होता. त्यात ६१ उभ्या पट्ट्या व ४८८ हिरे आहेत. परंतु ते मागे उघडे असून केस झाकीत नाही. रचनेच्या दृष्टीने ते कुमारिकेच्या पट्टीचे सजातीय. नाव मात्र विवाहितेच्या शिरोवस्त्राचे!

शब्द टिकला, बाह्याकृतीही टिकली. परंतु ज्या भेदासाठी ते वस्त्र अस्तित्वात होते, तो भेद गळून पडला. म्हणून संग्रहालयाच्या सूचीतील ‘कोकोश्निक’ या शब्दावरून अशा अलंकाराचा संबंध थेट लोकजीवनाशी जोडणे युक्त होणार नाही. मध्ये दरबाराचा नियम आणि जवाहिऱ्याची सोय अशा दोन पायऱ्या आहेत. वस्तूंच्या इतिहासात नावास पुरावा मानण्यापूर्वी नावाचाही इतिहास तपासावा लागतो, तो याचसाठी.